तिसऱ्या पिंडाचं नाव

चौकात तुमचा फ्लेक्स लागला आहे. डोक्यावर फेटा आहे. जन्मात तुम्ही फेटा बांधला तो आपल्या लग्नात आणि मग आपल्या विलासच्या लग्नात, आणि दोन्ही वेळा 'डोकं दुखून राह्यलं' म्हणत तासाभरात काढून माझ्या हातात कोंबलात. आता स्टुडिओवाल्यानं कुणाचा तरी फेटा तुमच्या टकलावर बसवला आहे आणि तो एका कानावर घसरला आहे. खाली ठळक अक्षरांत लिहिलं आहे, 'इनामदार घराण्याचे थोर वंशज, इतिहास संशोधक यांस भावपूर्ण श्रद्धांजली'. तुमचे चुलतभाऊ नामदेव भाऊजी यांची ही करामत. शोक करणाऱ्यांच्या फोटोंत त्यांचा फोटो सगळ्यांत मोठा आहे, तुमच्यापेक्षा थोडासाच लहान.

दूध आणायला गेले होते तेव्हा पाहिला. मला हसू फुटलं. नवरा जाऊन आठवडा झाला नाही आणि बाई चौकात उभी राहून हसते, हे लोकांच्या ध्यानात आलं नाही. त्यांना वाटलं मला हुंदका आला. दोघींनी धरून मला घरापर्यंत सोडलं. असे आपले लोक. दिसतं त्यापेक्षा जे दिसायला पाहिजे तेच बघतात. तुम्ही त्यांच्यातलेच होतात, म्हणून सांगते.

आता मुद्द्याचं. परवा तुमचं बारावं. मावल्याच्या तळ्याकाठी विलास तुमचा पिंड पितरांच्या पिंडांत मिळवणार. त्यासाठी त्याला तीन नावं घ्यावी लागतील, तुमच्या बापाचं, आजाचं आणि पणजाचं. ती नावं घेतली की तुम्ही त्यांच्यात सामील. पहिल्या दोन नावांत काही भांडण नाही. मामंजी मारोती, आजेसासरे रामजी. तिसरं नाव तुमच्या त्या भिंतीवरच्या वंशावळीच्या तक्त्यात 'राघोजी इनामदार' असं आहे, चौकटीत बसवलेलं, वर गुलाबाची वेल काढलेली. ते नाव खोटं आहे. मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तुम्हालाही होतं. म्हणूनच तुमच्यासारख्या माणसाचं काय करावं ते मला अजून कळत नाही.

तुमचा घराण्याचा तोरा लग्नाआधीपासूनचा. मला बघायला आलात तेव्हा माझ्या बापानं मळ्यातल्या वांग्यांचं भरीत आणि भाकर वाढली होती. तुम्ही पुन्हा पुन्हा मागून घेतलंत, बोटं चाटलीत. आणि लग्न होऊन महिना झाला नाही तर त्याच बापाला 'मावल्याचा भाजीवाला' म्हणायला लागलात. भाजीत मीठ जास्त पडलं, तर भाजीवाल्यांच्या घरची. मी शाळेत नोकरी धरली, तर भाजीवाल्यांना पैशाची हाव. तुम्ही कोण होतात? तहसील कचेरीतले कारकून. साहेबाची जीप आली की धोतर सावरत पळणाऱ्या बापाचे पँट सावरत पळणारे चिरंजीव. पण घरात आलात की मान अशी ताठ, जणू कुणी मानेला काठी बांधली आहे.

नोकरीत असताना जुन्या दप्तराच्या खोलीत जायची पाळी आली तर धुळीनं शिंका येतात म्हणून शिपायाला पाठवायचात. निवृत्त झालात आणि त्याच खोलीवर जीव जडला. तोवर तहसील कचेरीचं मंडल ऑफिस झालं होतं, ओळखीची माणसं गेली होती, नवी पोरं तेलुगूत 'रेपु रंडी' म्हणायची, म्हणजे उद्या या, आणि तुम्ही खरंच दुसऱ्या दिवशी जायचात. डबा मी करून द्यायची. निजामाच्या वेळचे कागद उर्दूत, तुम्हाला उर्दूतला अलिफ येत नाही. मग मशिदीजवळच्या मौलवीसाहेबांना कागद वाचायला बसवायचं, त्यांना चहा पाजायचा, आणि घरी येऊन 'आज मी वाचलं' असं सांगायचं.

तो पेढ्यांचा दिवस मी विसरणार नाही. दारातूनच ओरडत आलात.

"मास्तरीण, उठ! पेढा खाय. इनामदाराच्या घरात हायेस तू."

"कोन इनामदार?"

"गुडीहत्नूरच्या पुढं सडकेले लागून जे विहीर हाय, ते राघोजी नावाच्या मानसानं वाटसरूसाठी बांधली. त्याच्या बदल्यात त्याले जमीन इनाम भेटली. त्याच्यानंतर नाव लागलं रामजीचं, राघोजीचा पोरगा म्हून. आता सांग, माह्या आजाचं नाव काय?"

"रामजी."

"राहे कुठं?"

"त्याच विहिरीवर."

"मंग झालं तर!"

मी पेढा हातात धरून तुमच्याकडे बघत राहिले. तुम्ही घामानं भिजला होतात आणि तोंडावर लहान पोराच्या असतो तसा आनंद होता. मला सांगावंसं वाटत नव्हतं. तरी सांगितलं, कारण खोटं गिळून पेढा खायची मला सवय नाही.

"राघोजी माह्या बापाचा आजा व्हय. त्या विहिरीवर रामजी दोन होते. तुमाले मालूम हाय."

खरंच मालूम होतं तुम्हाला. राघोजीचा मुलगा तो पाटावरचा रामजी, पाटानं वांग्या-मिरच्यांना पाणी सोडायचा. तो माझा आजा. दुसरा मोटेवरचा रामजी, बैल हाकून विहिरीतून मोट ओढायचा. तो तुमचा आजा. त्याचा बाप झिंगू. पैनगंगेच्या पलीकडून दुष्काळात आला, आमच्याच जातीचा, आणि राघोजीकडे सालदार राहिला. वर्षाच्या बोलीवर राबायचं, दोन वेळची भाकर, अंगावर एक घोंगडी. धन्याच्या पोराचं नाव रामजी ठेवलं, तेव्हा ते नाव आपल्याही पोराला लाभेल म्हणून झिंगूनं तेच नाव ठेवलं. कागदात जमिनीच्या मालकाचं नाव लागतं, मोट ओढणाऱ्याचं लागत नाही. त्यामुळे कागदात रामजी एकच उरला आणि तुम्ही त्याला उचलून आपल्या घरात आणलंत.

तुम्ही काय म्हणालात? "तुह्या बापाकडं कागद हाय का?"

नव्हता. माझ्या आजानं ती जमीन विकून मावल्याला मळा घेतला, आणि जमीन गेल्यावर तिचे कागद कशाला जपायचे म्हणून कुणी जपले नाहीत. आम्ही भाजीवाले. आम्हाला वांगं जपायचं माहीत.

"नाई ना? मंग कागद म्हन्ते तेच खरं." आणि माझ्या हातातला पेढा काढून घेऊन तुम्ही स्वतः खाल्लात.

पुढचा तमाशा तर काय सांगावा! दारावरच्या पाटीत आडनावापुढे 'इनामदार' घातलंत. पोस्टमन आठवडाभर आपली पत्रं शेजारी टाकत होता. मग जीप करून सगळ्या भाऊबंदांना विहीर दाखवायला नेलंत. कठड्यावर उभे राहून 'आमच्या पूर्वजांनी' म्हणून भाषण केलंत. माझा भाऊ दिनकर तेव्हा तिथंच बाजाराचं ओझं उतरवत होता. सख्ख्या पणजाची विहीर, आणि तिच्यावर उभं राहून त्याचा दाजी सांगतो आहे की ही माझी. मला वाटलं आता हा बोलेल. त्यानं सगळं ऐकून घेतलं, घाम पुसला आणि म्हणाला, "दाजी म्हन्तेत तर आसंल बाप्पा. चला, चहा घ्या." चहाचे पैसेही त्यानंच दिले. त्या दिवशी कोण कुठल्या घरचं ते मला कुठल्याही कागदाशिवाय कळलं.

इथवर असतं तरी मी हसण्यावारी नेलं असतं. माझा पणजा घेतलात, घ्या. राघोजीला नातवंडांची वाण नाही, एक खोटा पणतू वाढला तर त्याचं काय बिघडतं? पण आखजीला तुम्ही जे केलंत ते मी विसरले नाही.

लग्नानंतरची माझी पहिली आखजी. अक्षय तृतीयेला आपल्याकडे पितरांच्या नावानं घागरी भरतात, उन्हाळ्यात त्यांना पाणी मिळावं म्हणून. सासूबाईंनी मातीच्या नव्या घागरी ओळीनं मांडल्या आणि मला एकेक नाव सांगत गेल्या. शेवटच्या घागरीशी आल्यावर हसल्या.

"हे झिंगूबाची. तुह्याच घरचा सालदार होता बरं का, पोरी. तुह्या पणजाच्या विहिरीचं पानी ओढू ओढू मेला बिचारा. म्हून याची घागर काठोकाठ भरत जाय. कमी नोको ठेवू."

त्यांना काही लाज नव्हती, आणि मला काही मोठेपणा वाटला नाही. तुम्ही तिथंच पाटावर बसून पन्हं पीत होतात. तुम्ही ऐकलंत. दर वर्षी ऐकत आलात. सासूबाई गेल्यावरही मी ती घागर भरत राहिले, काठोकाठ, त्या सांगून गेल्या तशी.

मग पेढ्यांनंतरची आखजी आली. मी घागरी मांडल्या. तुम्ही तुमचा तक्ता घेऊन आलात, नावं जुळवायला लागलात, आणि शेवटच्या घागरीपुढे थांबलात.

"हे कोनाची?"

"झिंगूबाची."

"काऊन? आपल्या तक्त्यात नाई तो."

"तक्त्यात नाई म्हून त्याले तहान लागत नाई का?"

"सालदाराच्या नावाची घागर इनामदाराच्या घरात? लोकं काय म्हन्तीन?" असं म्हणून तुम्ही ती उचललीत, तुळशीत ओतलीत आणि पालथी घातलीत.

सालदाराच्या. तुमच्याच तोंडून आलं ते. म्हणजे चूक झाली नव्हती, कागदानं फसवलं नव्हतं. झिंगू कोण ते तुम्हाला नीट ठाऊक होतं, आणि तरी तुम्ही त्याला उन्हात उभं केलंत. ज्यानं जन्मभर दुसऱ्याच्या मळ्याला पाणी पाजलं, त्याला सख्ख्या पणतूनं एक घागर नाकारली. लोक काय म्हणतील म्हणून! कुठले लोक? नामदेव भाऊजी? त्यांना तर स्वतःच्या आजीचं नाव सांगता येत नाही.

त्यानंतर तुमच्याशी बोलणं मी बंद केलं होतं, आठवतं? तुम्हाला वाटलं मला माझा पणजा घेतल्याचा राग आहे. तुम्ही समजूत घालायला आलात की 'राघोजी तुह्याही कडचा असू दे, मी काही म्हनत नाई'. केवढं ते औदार्य! माझाच पणजा मला अर्धा परत देत होतात. माझा राग कशाचा ते तुम्हाला शेवटपर्यंत समजलं नाही, किंवा समजूनही तुम्ही कागदांत तोंड खुपसलंत. त्याच नादात गेलात. मंडल ऑफिसच्या बाकावर, एका नकलेची वाट बघत. बाजूच्या माणसाला वाटलं डुलकी लागली आहे.

इथवर परवा लिहिलं आणि वही मिटून ठेवली होती. पुढचं आज लिहिते. बारावं झालं.

काल दुपारी विलास माझ्याजवळ येऊन बसला. निजामाबादच्या बँकेत साहेब झाला आहे, पण माझ्यापुढे बसला की चड्डीतला वाटतो. नामदेव भाऊजी त्याला सोडायला तयार नव्हते, तेही मागोमाग आले.

"आई, तिसरं नाव कोनतं घेऊ?" त्यानं विचारलं. "बाबांनी येवढी मेहनत केली. मी ते खोटं कसं पाडू?"

भाऊजी लगेच मध्ये पडले. "त्यात इचारायचं काय हाय? राघोजी इनामदार. फ्लेक्सवर छापून हाय, गावानं वाचलं. आता बदललं तं हसतीन लोक आपल्याले." फ्लेक्सवर छापलं म्हणजे पितरांना बंधनकारक झालं, अशी भाऊजींची विद्वत्ता. मार्केट कमिटीच्या निवडणुकीला ते उभे राहणार आहेत आणि 'इनामदार' त्यांनाही शोभून दिसतं, हे मला कळत नाही असं त्यांना वाटतं.

मी विलासला एवढंच म्हटलं, "राघोजीले पानी द्याले माह्या भावाचं घर हाय. झिंगूले तुह्याशिवाय कोनी नाई. आता तू पाह्य."

तो उठून भिंतीवरच्या तुमच्या तक्त्यासमोर जाऊन उभा राहिला. बापाचं मन मोडवत नव्हतं त्याला, आणि ते मला पाहवत नव्हतं. तुमची एवढी किंमत त्याला आहे. ती तुम्ही कशी कमावलीत ते मला माहीत आहे, आणि त्याचा इनामाशी काही संबंध नाही.

मोठ्या उन्हाळ्यात आपल्या गल्लीला नळ यायचा नाही, तेव्हाची गोष्ट. माझी कंबर धरलेली, वरून शाळा, आणि विलास लहान. तुम्ही सकाळी कचेरीत जायच्या आधी सायकलला घागरी बांधून पार मावल्यापर्यंत जायचात आणि पाणी आणायचात. मला एक तांब्यासुद्धा उचलू दिला नाहीत. विलास पुढच्या दांडीवर बसायचा, तुम्ही त्याला पाढे म्हणायला लावायचात. शर्ट पाठीला चिकटलेला, खांद्यावर दोरीचे वळ. वळांना मी खोबरेल लावायची तेव्हा तुम्ही म्हणायचात, "काई होत नाई मास्तरीण, आपल्याले सवय हाय पान्याची." मला त्या माणसाशी लग्न करायचं होतं, आणि ते झालंही होतं. मग म्हातारपणी तुम्ही त्या माणसाला काढून टाकून फेटेवाला आणलात. मला तो कधीच आवडला नाही. मला पहिला हवा होता, अजूनही हवा आहे, आणि तो आता मिळणार नाही म्हणून मी आठवडाभर भिंतीकडे तोंड करून रडते आहे. हे कुणाला सांगत नाही, तुम्हाला सांगते.

आज सकाळी तळ्यावर गेलो. बायकांनी जवळ जायचं नाही, म्हणून मी बांधावर बाभळीखाली उभी होते. दिनकर माझ्यासोबत होता. खाली विलास ओला पंचा नेसून बसलेला, पुढे दर्भ, भाताचे पिंड. नामदेव भाऊजी त्याच्या खांद्यापाशी उभे, तुमच्या तक्त्याची छोटी प्रत हातात घेऊन, न जाणो पोरगा विसरला तर.

विधी सांगणाऱ्या महाराजांनी विचारलं, "बापाच्या बापाचं नाव?"

"मारोती."

"त्याच्या बापाचं?"

"रामजी."

"त्याच्याही बापाचं?"

विलास थांबला. भाऊजींनी कागद त्याच्या डोळ्यापुढे धरला आणि बोट ठेवलं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण त्याला जे बोलायचं ते त्याच्या तोंडून यायला हवं होतं, माझ्या नाही. त्यानं कागद बाजूला केला.

"झिंगूजी," तो म्हणाला. मग महाराजांना ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा, मोठ्यानं म्हणाला, "झिंगूजी. विहिरीवर मोट ओढत होते."

महाराजांना एवढं सगळं नको होतं. त्यांना नाव मिळालं, ते मंत्र म्हणत पुढे गेले. भाऊजींनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि ते तळ्याकडे बघत उभे राहिले. शेजारी दिनकरनं नाक शिंकरलं. विलासनं तुमच्या पिंडाचे तीन भाग केले आणि एकेक करून मिळवले. तिसरा मिळवताना त्यानं हात जरा जास्त वेळ तसाच ठेवला.

तर आता तुम्ही तिथं आहात. शेजारी तुमचा पणजा बसला आहे. त्याच्यापुढे इनाम काढू नका, तो तुम्हाला ओळखतो. तो काय बोलेल ते मला ठाऊक नाही, कदाचित काहीच बोलणार नाही, सालदाराला बोलायची सवय नसते. तुम्हीच बोला. पाया पडा आणि चुकलं म्हणा. माझ्याजवळ ते तुम्हाला जन्मात जमलं नाही.

मी तुम्हाला माफ केलं आहे असं समजू नका. आखजी येईल, मी नव्या घागरी आणीन. आधी झिंगूबाची भरीन, काठोकाठ, मग तुमची. तोवर तहान लागली तर कळ काढा.